उजव्या हाताची सही

खालापूर
१४ ऑगस्ट २०२४

बाय,

धाकलूचा नमस्कार. अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय, ओळ चढावर चालल्यासारखी वर वर जाते. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि झटका आल्यापासून माझी जीभ जड पडते, मग दोघांनी फोन धरून करायचं काय? रोहिणी म्हणाली, "बाबा, तुमी सांगा, मी लिहिते." सुनेने लिहिलं तर सून वाचणारच. म्हणून तीन दिवस लपूनछपून हे लिहिलंय. दूधवाला लडकू कॅन घेऊन कर्जतला येतो, त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याकडेच दे. पोस्टात टाकू नकोस. पोस्टमन आधी किशोरला गाठतो.

आता मुद्दा सांगतो. लावणी तोंडावर आली आणि माझी उजवी बाजू गेली, ते तुला ठाऊक आहे. पाय हळूहळू आला, काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. हात मात्र मनगटापासून लोंबतो. मोठ्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि फिजिओथेरपी करा म्हणाला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा किशोर मला रिक्षात घालून शिळफाट्याला नेतो. तिथे भाग्यश्री नावाची एक मुलगी आहे. तिच्याकडे सुई नाही, बाटली नाही, दाखल करून घेणं नाही. तासभर हात-पाय हलवायचे आणि आपल्या पायाने घरी यायचं. मला ताप भरला तर शेजाऱ्याबरोबर गोळी पाठवणारा माझा मुलगा, तो आता कंपनीत पाळी बदलून घेतो आणि माझ्याबरोबर तासभर बाकड्यावर बसतो. एकाएकी एवढी माया कुठून आली?

पहिले पंधरा दिवस तिने वाटीतले वाल उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला लावले. ठीक आहे, केलं. मग परवा म्हणाली, "काका, तुमची सही झोकदार होती म्हणे. करा बघू." पेनावर कापड गुंडाळून ते जाड केलेलं, माझ्या बोटांत धरून दिलं. मी दहा सह्या केल्या, सगळ्या गांडुळासारख्या वळवळलेल्या. कागद फेकून देईल म्हटलं, तर तिने त्यावर तारीख घातली आणि फाईलला लावला. माझ्या सहीचा कागद तिला कशाला हवा?

पुढचं ऐक. फार्महाऊसवाल्यांना जागा दाखवत फिरणारा वाल्मिक तुला आठवत असेल, पांढऱ्या बुटांचा. शिळफाट्याच्या हॉटेलात किशोर त्याच्याबरोबर चहा पीत होता, मला रिक्षात बसवून ठेवून. आणि रविवारी खिडकीतून बघतो तर किशोर हातात टेप घेऊन शेताच्या वाटेवर उभा. टेपचं दुसरं टोक एका अनोळखी माणसाच्या हातात. दोघं मोजत होते.

शेत माझ्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय त्यातलं ढेकूळ हलत नाही. मग माझा उजवा हात लवकर चालू व्हावा याची घाई कुणाला आहे, तूच सांग.

तुझा
धाकलू


कर्जत
१९ ऑगस्ट २०२४

धाकलू,

बायचा आशीर्वाद. आज राखी. लडकूबरोबर पाठवली आहे. हात लोंबत असला तरी उजव्यालाच बांधून घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपले दादा गेले, बापाचं शेत तुझ्या नावावर करायला तू मला खालापूरच्या कचेरीत घेऊन गेलास, ते आठवतं का रं? बहिणीने भावाला हक्क सोडून द्यायचा तो कागद. तू मला भजी खाऊ घातलीस, हिरवं लुगडं घेतलंस. कागद मात्र कुणी वाचून दाखवला नाही. अक्षर मला येत नव्हतं, मी अंगठा दिला. द्यायचाच होता, भावाला दिला याचं दुःख नाही. न वाचता दिला, ते मात्र टोचत राहिलं. म्हणून तर पुढे नातीच्या पाटीवर बोट फिरवत आणि साबणाची वेष्टनं वाचत मी अक्षरं शिकले. तेव्हापासून कुणी कागद पुढे केला की मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते.

तर माझं ऐक. मूठ मिटून ठेव. तिथे जाणं सोडू नकोस, सोडलंस तर त्यांना कळेल. पाय चालव, त्या निळ्या गाद्यांवर नीज, भिंतीवरचं चाक फिरवायला सांगतील ते डाव्याने फिरव. उजवा हात मात्र उघडू नकोस आणि सही तर मुळीच देऊ नकोस. तुझा हात बंद, तोवर शेत तुझं.

माझं बरं चाललंय. भाऊबीजेला येणं यंदाही जमेलसं वाटत नाही, गुडघे धरतात.

तुझी
बाय


खालापूर
५ सप्टेंबर २०२४

बाय,

राखी उजव्या हाताला बांधली. भाग्यश्रीने ती बघितली आणि म्हणाली, "काका, आता या हाताला मान मिळाला, त्याने काम करायला हवं." तू सांगितलंस तसं चालू आहे. ती रबरी चेंडू देते, तो मी धरतो आणि सोडत नाही. ती बोटं उघडायला लागली की आतून जोर लावतो. तिच्या कपाळाला आठ्या पडतात. वहीत काहीतरी लिहिते.

आता तिथली माणसं बघायला लागलोय, कोण खरं, कोण पेरलेलं. एक मास्तर आहेत, त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढे पडतच नाहीत. त्यांच्यापुढे तिने फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी दिसली की मास्तर पाय उचलतात आणि चालू लागतात, मला ती जादूच वाटली. एक टेंपोवाला मान धरून आला होता, आता मान वळवून किशोरशी बोलतो. एका बाईला कूस बदलली की घर फिरायचं. तिला बसवून, आडवं करून, डोकं इकडून तिकडे वळवलं, दोन फेऱ्यांत घर फिरायचं थांबलं म्हणे. एवढ्या वेगवेगळ्या दुखण्यांना एकच मुलगी, आणि एकही गोळी नाही. पटतं का तुला?

डोंगरातल्या वाडीवरची मोतीबाई आहे, लाकडाच्या मोळ्या वाहून तिचा गुडघा गेलेला. तिला मी हळूच विचारलं, "तुला इथं कोणी बसवलीय?" तर ती सगळ्यांसमोर बोलली, "मला कोन बसवतंय, म्हाताऱ्या? गुडघ्यानं बसवली. ही पोर बोलते, मांडीत ताकद आली का गुडघा रडायचा थांबंल. तवा मी खुर्चीवरनं उठते नि बसते, उठते नि बसते. आता वाडीवरनं आपली आपण खाली येते. तुज्या मुठीत काय सोनं हाय का, ती उघडत नाय ती?" टेंपोवाला हसला. किशोर हसला नाही. तो माझ्या मुठीकडे बघत होता.

आता तुझ्याकडे येतो. निळ्या गाद्या आणि भिंतीवरचं चाक मी तुला लिहिलं नव्हतं. पत्राची ओळन् ओळ मला पाठ आहे, तीन दिवस लिहीत होतो. मग तुला कुणी सांगितलं? किशोर तुझ्याकडे येऊन गेला का?

चार वर्षं तू माझ्या उंबऱ्यावर आली नाहीस. पहिल्या साली गुडघे, दुसऱ्या साली कान, तिसऱ्या साली म्हैस व्याली, मग पुन्हा गुडघे. आणि आता लिहितेस की सही देऊ नकोस. बाय, तो हक्कसोडीचा कागद तू मनात धरून बसली आहेस का? माझा हात बंद राहिला तर तुझं काय भलं होणार आहे?

धाकलू


खालापूर
२७ सप्टेंबर २०२४

बाय,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. लडकूला विचारलं तर म्हणाला, "आत्याबाई ओट्यावर नवती. एसटी स्टँडवर दिसली, पिशवी घेऊन." तू कुठे जातेस?

इथे गोष्ट बिघडली आहे. मंगळवारी भाग्यश्रीने किशोरला चहाला बाहेर पाठवलं आणि माझा हात आपल्या हातात घेऊन बसली. म्हणाली, "काका, झटक्याने आलेला ताठरपणा हाताला वेगळा लागतो. हा तुमचा जोर आहे. तुम्ही मुद्दाम मिटताय. मी कुणाला सांगणार नाही. जोर आहे म्हणजे हात जिवंत आहे, हे चांगलंच आहे. पण पहिले सहा महिने मोलाचे असतात, त्यातले तीन गेले. बोटं अशीच आखडत राहिली तर पुढे तुम्ही उघडा म्हणालात तरी मला उघडता येणार नाहीत."

मी म्हटलं, मी काही करत नाही. खोटं बोललो. घरी येऊन दार लावलं आणि मूठ उघडून बघितली. अंगठा आला. मधली बोटं अर्धी आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं आलंच नाही. मी त्यांना उघडा म्हणत होतो बाय, आणि ती ऐकत नव्हती.

आणि काल वाल्मिक घरी येऊन गेला. खुर्चीत बसला. रोहिणीने त्याला चहा दिला. किशोर मला म्हणाला, "तुमी आत आराम करा."

मूठ उघडू की मिटू? उघडली तर शेत जातं. मिटली तर हात जातो. तू काही तरी लिही.

धाकलू


कर्जत
२ ऑक्टोबर २०२४

धाकलू,

बायचा आशीर्वाद. हे पत्र एकट्याने वाच.

तुझं पाच तारखेचं पत्र मी रागाने चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण निळ्या गाद्यांवरून तू मला बरोबर पकडलंस. किशोर माझ्याकडे आला नाही. त्या गाद्यांवर मी स्वतः निजते.

लाजेची गोष्ट आहे, पण आता लाज बाजूला ठेवते. पाच बाळंतपणं आणि जन्मभर डोक्यावर भाताचे भारे. चार वर्षांपूर्वी असं सुरू झालं की खोकले, शिंकले, बसने खड्डा घेतला, की लुगडं ओलं. गुडघे, कान, म्हैस ही सगळी न येण्याची निमित्तं होती. तुझ्या घरी मी कोचावर बसले असते आणि डाग पडला असता, तर रोहिणीने तोंडातून एक शब्द काढला नसता. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. म्हणून आले नाही. हक्कसोडीचा आणि याचा काही संबंध नाही.

मे महिन्यात नात ललिताने ओळखलं. कान दाखवायला जातो असं घरी सांगून मला इथेच कर्जतात अशाच एका ठिकाणी घेऊन गेली. हात-पाय मोडलेल्यांची ही जागा, माझ्या दुखण्याचं इथे काय काम, असं मला वाटलं. तिथली बाई म्हणाली, "आजी, तिथंही स्नायूच असतात. सैल झाले, त्यांना पुन्हा कामाला लावायचं." पडदा ओढून तिने शिकवलं. लघवी अडवावी तसं आतून आवळायचं, आकडे मोजायचे, मग सोडायचं. पहिल्या महिन्यात काही फरक नाही, मला वाटलं फसवतेय. मी नुसती आवळून धरायची, दिवसभर. तिला कळलं. म्हणाली, "आवळणं अर्धं काम आहे, आजी. सोडणं उरलेलं अर्धं. नुसतं धरून ठेवलं तर स्नायू थकतो, मग तो ना धरायच्या कामाचा ना सोडायच्या."

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी तुला मूठ मिटायला सांगितलं. शेत जाईल एवढंच मला दिसलं, हात दिसला नाही. ती चूक माझी आहे.

आता दुसरी गोष्ट. परवा राखेने भांडी घासत होते, अंगठा काळा झाला. कचेरीत त्या दिवशी शाईने असाच झाला होता. आणि मला आठवलं, कारकुनाने माझा कुठला हात ओढला होता. डावा. तुझाही डावाच ओढला होता, तू सही केलीस तरी. अरे धाकल्या, त्या कागदांना डावा अंगठा लागतो. तुझा डावा हात धडधाकट आहे, त्यानेच तू मला पत्रं लिहितोस. किशोरला लुबाडायचं असतं तर तू खाटेवर पडून होतास, जीभ उचलत नव्हती, तेव्हाच त्याने तुझा अंगठा धरला असता. उजव्या हाताची त्याला काय गरज? तू पंचायतीवर निवडून आलेला, मी म्हातारपणी अक्षरं शिकलेली, आणि दोघांना एवढं सुचू नये.

तरी माझी खात्री पटेना. म्हणून तुझं शेवटचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी शिळफाट्याला गेले. एसटीने, एकटी, चार वर्षांनी. खड्डा आला की आवळायचं, गेला की सोडायचं. कोरडी उतरले.

भाग्यश्रीला म्हटलं, मी धाकलूची मोठी बहीण, त्याच्या सह्यांचे कागद मला दाखव. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "काकांनी सांगितल्याशिवाय त्यांची फाईल मी कुणालाच दाखवत नाही, आजी. किशोरदादांनी एकदा मागितली, त्यांनाही नाही." मी तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. मग परत आले. तुझ्या घरी यायला निघाले होते, पण तोंड दाखवायला धीर झाला नाही.

लडकूने मला स्टँडवर बघितलं ते याआधी. माझ्या व्यायामाची जागा स्टँडच्या मागेच आहे, तिथे जात होते. आता तू दोन गोष्टी कर. फाईल स्वतः माग. आणि वाल्मिकचं काय आहे ते किशोरला तोंडावर विचार. मला नको विचारूस, त्याला विचार.

तुझी
बाय


खालापूर
२२ ऑक्टोबर २०२४

बाय,

धाकलूचा नमस्कार. उशीर झाला, कारण विचारायला मला आठ दिवस लागले.

किशोर आरशासमोर दाढी करत होता. मी म्हटलं, वाल्मिकशी तुझं काय चाललंय? त्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "दोनदा त्याला परत पाठवला. म्हटलं, बाबांचा हात येतोय, पुढच्या पावसाला ते बांधावर असतील. मग भाग्यश्री बोलली, हात मागं चाललाय. मी कंपनीत, रोहिणी एकटी. तुमी उभे नसलात तर भात कोण बघणार? तवा तिसऱ्यांदा त्याला बस म्हटलं."

मी म्हटलं, "मला विचारायचं नाय?"

तो म्हणाला, "तुमी विचारलंत मला?"

अर्धा चेहरा साबणाने माखलेला, आणि डोळे भरलेले. बाय, शेत राखायला मी मूठ मिटली, आणि त्या मिटलेल्या मुठीकडे बघूनच पोरगा शेत द्यायच्या विचाराला लागला होता.

मग मी त्याला सगळं सांगितलं. मूठ, चेंडू, तुझं पत्र, सगळं. त्याने टॉवेलने तोंडावरचा साबण पुसला. नंतर म्हणाला, "आत्या नि तुमी, दोघं एका माळेचे मणी." टेपचंही कळलं. तो अनोळखी माणूस वेल्डर होता. पायरीपासून बांधापर्यंत धरून चालायला लोखंडी दांडा बसवायचा, तो किती लांब लागेल ते मोजत होते. भाग्यश्रीने विचारलं होतं, काकांना कुठवर चालायचंय? किशोरने सांगितलं होतं, शेतापर्यंत.

फाईल मागितली. तिने लगेच दिली. तीन कागद, तिन्हीवर तारखा. ऑगस्टमधली पहिली सही वेडीवाकडी, पण त्यात धाकलू वाचता येतो. सप्टेंबरच्या दोन्हीत नुसत्या रेघा. हाताने केलेला खोटेपणा तारीखवार लावून ठेवला होता. तिला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "गेलेले दिवस मी देऊ शकत नाही, काका. उरलेत त्यांच्यावर काम करू." मोतीबाई बाजूला उठबस करत होती, ती म्हणाली, "उघडली का? सोनं कुटं हाय मग?"

करंगळी आणि शेजारचं बोट अजून अर्धं मिटलेलंच आहे. राहील तसंच बहुतेक, मला सांगितलंय. बाकीची येतात. काल दांडा धरून बांधावर गेलो, खुर्ची टाकून बसलो. कापणी चालू आहे. रोहिणीने मूठभर भात माझ्या उजव्या हातात धरायला दिलं आणि खालून विळा लावला. मी धरलं, आणि तिने म्हटल्यावर सोडलं. वाल्मिक रस्त्यावरून गेला, मान वळवून बघत होता. किशोरने त्याला हात केला, बोलावलं नाही.

तुझं ते दुखणं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या दोन पत्रांतलं तेवढं दुसरं चुलीत घातलं. किशोरने न्हाणीत धरायला एक दांडा माझ्यासाठी बसवलाय, तुलाही कामाला येईल.

भाऊबीज तीन नोव्हेंबरला आहे. हक्कसोडीचा तो कागद मी पेटीतून काढून ठेवला आहे. ओवाळायच्या आधी तू तो मला वाचून दाखव, मोठ्याने. अठरा वर्षांपूर्वी मी तुला वाचून दाखवायला हवा होता. वाचून झाल्यावर तुला जे म्हणायचं असेल ते म्हण, मी ऐकून घेईन आणि तसं करीन.

हे पत्र पोस्टाने येईल, किशोर टाकणार आहे. वरचं सगळं डाव्या हाताचं. खालची सही तेवढी उजव्याची. संशय वाटत असेल तर ये, आणि तुझ्यासमोर करून घे.

धाकलू